चव्वेचाळिसावं पाकीट

आमच्या नॉर्बीत कोणाच्या घरी पाळणा हलायचा असला की पहिला फोन डॉक्टरला आणि दुसरा आर्डिस टोलेफसनला. डॉक्टर फक्त तारीख सांगायचा, बाकी सगळं आर्डिसकडे. बेबी शॉवर, म्हणजे होणाऱ्या आईला बायकांनी भेटी द्यायचा समारंभ, कधी ठेवायचा, कोणी ठेवायचा, दुकानात करायच्या भेटींच्या यादीत काय टाकायचं आणि काय टाकलं तर लोक चार वर्षं बोलत बसतील, हे तिला तोंडपाठ. मिनेसोटातलं आठशे वस्तीचं गाव आमचं. एक चर्च, एक किराणा दुकान, एक पोस्ट. त्या पोस्टाच्या खिडकीत आर्डिसनं सव्वीस वर्षं काढली. गावातल्या प्रत्येकाचं अक्षर तिच्या ओळखीचं. मागे नाव नसलं तरी नुसता पत्ता बघून ती सांगायची की हे पाकीट मिल्डाच्या धाकट्या बहिणीचं आहे, आणि बाई रागात आहे.

तिचे नियम साधे, पण एकदम लोखंडी. मुलीच्या आईनं स्वतः मुलीचा शॉवर ठेवायचा नाही, ते आपल्याच घरासाठी हात पसरल्यासारखं दिसतं. मैत्रिणीनं ठेवावा, शेजारणीनं ठेवावा. यादी कुठल्या दुकानात केलीय ते आमंत्रणावर छापायचं नाही, ज्याला हवंय तो विचारेल. यादीत पाळणा टाका, ढकलगाडी टाका, पण लाळेरी आणि अंग पुसायचे रुमालही टाका, म्हणजे पेन्शनीवरच्या म्हातारीलाही मान वर करून दुकानात जाता येईल. वस्तू घेतली की यादीवर खूण झालीच पाहिजे, नाहीतर पोरीच्या घरात तीन टब येतात आणि टोपरं एकही नाही. शॉवर एकदाच, पहिल्या बाळाला. दुसऱ्या खेपेला डायपर द्या आणि गप्प बसा.

आणि सगळ्यात वरचा नियम चिठ्ठीचा. चर्चच्या तळघरात शॉवर असला की जिन्याखाली एक टेबल मांडलेलं असायचं. त्यावर कोरी पाकिटं, तिकीटसुद्धा चिकटवलेली. आत येणाऱ्या प्रत्येकीनं आधी एका पाकिटावर आपल्याच हातानं आपलाच पत्ता लिहायचा, मग कॉफीकडे वळायचं. कारण नंतर आभाराच्या चिठ्ठ्या लिहिताना अवघडलेल्या पोरीला पत्ते हुडकत बसायला नको. चिठ्ठी दोन आठवड्यांच्या आत गेली पाहिजे. फोन नाही, मेसेज नाही. ज्या पोरींनी हे पाळलं नाही त्यांच्याकडे आर्डिस रविवारच्या प्रार्थनेत नुसती बघायची. तेवढं बघणं पुरे व्हायचं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्या चिठ्ठीचं. तर आर्डिसला त्याचं कारण होतं, आणि ते तिनं आयुष्यात फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. ती आठ वर्षांची असताना तिच्या आईला सहावं मूल झालं. घर भाड्याचं, शेत दुसऱ्याचं. चर्चमधल्या बायकांनी गठ्ठाभर झबली आणि दुपटी आणून दिली. तिच्या आईनं कोणालाच काही लिहिलं नाही. घरात कागद नव्हता, आणि असता तरी सहा पोरांच्या रगाड्यात ती कधी लिहिणार होती? पुढं एका रविवारी आर्डिस कोट टांगायच्या खोलीत कोटांच्या मागे उभी होती आणि पलीकडे दोघी जणी बोलत होत्या. घ्यायला बरे हात पुढे येतात, देणाऱ्याला साधा एक शब्द नाही, असं एक म्हणाली, आणि दुसरी हसली. त्या लोकरी कोटांचा ओला वास आर्डिसच्या नाकातून साठ वर्षं गेला नाही. आपल्या घराबद्दल असं कोणी पुन्हा बोलणार नाही हे तिनं तिथंच ठरवलं होतं. बाई शब्दाची पक्की.

लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मार्ना झाली, एकुलती एक. व्हर्लिन, म्हणजे आर्डिसचा नवरा, धान्याच्या कोठारावर कामाला होता. मुळात कमी बोलणारा, पण पोर झाली तेव्हा त्यानं पोस्टात येऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना नाव घेऊन सांगितलं. मार्ना बोलायला शिकली तशी लिहायलाही शिकली, कारण आई वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तिच्यापुढं कार्डं ठेवायची. सहा वर्षांची पोर जीभ बाहेर काढून लिहायची, रंगपेटीबद्दल आभार. आर्डिसला ते बघून इतका आनंद व्हायचा की विचारू नका.

मार्ना शिक्षिका झाली, कर्टिसशी लग्न करून चाळीस मैलांवर राहायला गेली आणि तिला दिवस गेले. शॉवर ठेवला लॅव्हॉननं. लॅव्हॉन म्हणजे आर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण आणि चर्चच्या शॉवर मंडळातला दुसरा खांब. आईनं ठेवायचा नाही म्हणून आर्डिस त्या दिवशी पाहुणी होती. खरंतर हॅमचे पाव तिनंच केले होते, जेलीचं भांडं तिचंच होतं आणि यादीवरही तिनंच नजर फिरवली होती. यादीत मार्नानं बाळाच्या आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर टाकला होता. आर्डिसनं तो काढायला लावला. "कोपर कशाला दिलंय देवानं? तुझं पाणी मी सारखी कोपरानंच बघत आले," ती म्हणाली. मार्ना हसली आणि तिनं तो खोडला.

त्या दिवशी जिन्याखालच्या टेबलाशी बायकांची रांग होती आणि रांगेत आर्डिसही होती. तिचा नंबर आला तसं तिनं पाकीट ओढलं आणि आपला पत्ता लिहायला घेतला. मार्ना पोटावर हात ठेवून बाजूलाच उभी होती. "आई, तुझा पत्ता मला झोपेत विचारला तरी सांगीन मी," ती म्हणाली. आर्डिसनं मान वर न करता पत्ता पुरा केला, नावाखाली एक रेघ मारली आणि म्हणाली, "नियम म्हणजे नियम." त्रेचाळीस पाहुण्या आणि ती, मिळून चव्वेचाळीस पाकिटं झाली. आर्डिस आणि व्हर्लिननं डुलती खुर्ची दिली. मार्ना सगळ्यांसमोर तिच्यात बसून डुलली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दिवस भरत आले असताना, बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. तिचं नाव त्यांनी एलिन ठेवलं. नॉर्बीच्या दफनभूमीत, आर्डिसच्या आईशेजारी, एवढीशी जागा खणली तेव्हा व्हर्लिननं फावडं दुसऱ्या कोणाला हातात घेऊ दिलं नाही.

त्यानंतर आर्डिसनं जे केलं त्याबद्दल मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो. एकोणिसावा दिवस होता. ती रोजच्यासारखी जेवण घेऊन मार्नाकडे गेली होती. स्वयंपाकघरातल्या फडताळावर पाकिटांचं आणि आभाराच्या कोऱ्या कार्डांचं खोकं होतं, पिवळ्या फितीनं बांधलेलं, जसं शॉवरहून आलं तसं. मार्ना खिडकीशी बसली होती, केस विंचरलेले नव्हते. आर्डिसनं भांडी विसळली, हात पुसले आणि ती म्हणाली, "मार्ना, चिठ्ठ्या राहिल्यात गं. लोकांनी प्रेमानं दिलंय. रोज थोड्या लिही, मी बसते तुझ्याबरोबर."

तिला वाटलं होतं, पोरीच्या हाताला काही काम मिळेल. आर्डिसची आई गेली तेव्हा आर्डिसला चिठ्ठ्यांनीच तारलं होतं. हे तिनं नंतर लॅव्हॉनला सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्यामागे कोटांची खोलीही होती, हे तिनं सांगितलं नाही.

मार्ना खिडकीपासून उठली. तिनं फीत सोडली. चार दिवसांत त्रेचाळीस चिठ्ठ्या लिहून तिनं पोस्टात टाकल्या, कोणाला बरोबर बसू न देता. आठवड्याभरात नॉर्बीतल्या दारोदारच्या पेट्यांत बदकाची चित्रं छापलेली ती कार्डं पडली. पाळण्याबद्दल आभार, मार्ना. टोपऱ्यांबद्दल आभार, मार्ना. बायका आपापल्या दारात, आपल्याच अक्षरातलं पाकीट हातात धरून रडल्या. लॅव्हॉन तडक आर्डिसकडे आली, कार्ड टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे तू तिला लिहायला लावलंस?" आर्डिसला हो म्हणतानाच कळलं की आपण काय करून बसलो. पण पोस्टात पडलेलं पाकीट परत काढता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

चव्वेचाळिसावं पाकीट आलं नाही. आर्डिसनं उन्हाळाभर वाट पाहिली. ते यावं असं तिला वाटायचं आणि येऊ नये असंही वाटायचं. ऑक्टोबरात मार्ना आणि कर्टिस ओरेगॉनला निघून गेले, दोन हजार मैल. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडण मिटवता तरी येतं. ख्रिसमसला फोन, वाढदिवसाला फोन, आणि फोनवर हवामान. तुमच्याकडे किती थंडी, आमच्याकडे किती पाऊस. मायलेकींनी चार वर्षं हवामानावर काढली. फोन ठेवला की आर्डिस तो ओट्यावर पालथा ठेवायची आणि बराच वेळ तिथंच उभी राहायची. व्हर्लिन विचारायचा, काय म्हणाली? ती सांगायची, एकोणीस अंश.

शॉवर मंडळ तिनं सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं का म्हणून. पण एक झालं. नव्या पोरी विचारायच्या, आर्डिस, चिठ्ठ्या किती दिवसांत गेल्या पाहिजेत? तर ती कपबशा पुसत म्हणायची, लिहिल्या तर लिहिल्या, नाही तर नाही. पोरींना आश्चर्य वाटायचं. लॅव्हॉन ऐकायची आणि दुसराच विषय काढायची.

याद्या आता संगणकावर आल्या होत्या. गावातल्या आज्यांना ते जमायचं नाही, म्हणून दर सोमवारी आर्डिस वाचनालयात बसायची. एका ख्रिसमसला हवामान लवकर संपलं तेव्हा तिनं हे मार्नालाही सांगितलं होतं. कोणाची नात, कोणाची सून, नाव टाकायचं की यादी समोर यायची. आर्डिस आजीला सगळं वाचून दाखवायची, काय अजून कोणी घेतलं नाही ते सांगायची. सगळ्या आज्या गेल्या की ती आणखी एक नाव टाकायची. मार्ना लिंडाल, लेकीचं सासरचं नाव. पडदा सांगायचा, या नावाची यादी सापडली नाही. मग ती कोट चढवून घरी जायची. तीन वर्षं हे चाललं होतं. काय मिळणार होतं तिला त्यातून? पण दार उघडणार नाही हे माहीत असूनही माणूस कडी हलवून बघतंच.

फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी कडी निघाली.

मार्ना आणि कर्टिस लिंडाल, ओरेगॉन. बाळाची तारीख, अकरा जून. आर्डिसनं ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. यादीत अवघ्या अकरा वस्तू होत्या आणि एकावरही खूण नव्हती. सहा लाळेरी. बाटल्या घासायचा ब्रश. टोपी जोडलेला पंचा. अंगाला लावायचं तेल. आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर. आर्डिसनं आयुष्यात शेकडो याद्या वाचल्या होत्या, त्यामुळे यादीत काय नाही हे तिला आधी दिसायचं. पाळणा नव्हता. ढकलगाडी नव्हती. डुलती खुर्ची नव्हती. म्हणजे ती त्यांच्याकडेच होती. दोन हजार मैल ट्रकमध्ये घालून त्यांनी ती खुर्ची नेली होती, मोडीत काढली नव्हती. वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं हे बरं झालं, कारण आर्डिस हमसून हमसून रडली.

घरी येऊन तिनं व्हर्लिनला सांगितलं. तो खुर्चीतून उठला, परत बसला, आणि मग म्हणाला की फोन लाव. आर्डिस म्हणाली, लावून काय सांगू, तुझ्या यादीत डोकावले म्हणून? तिला सांगायचं असतं तर तिनं सांगितलं नसतं का? ज्या बाईनं तसलं बोलून ठेवलंय तिला पोर कशाला सांगेल? व्हर्लिन गॅरेजमध्ये गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही.

वीस फेब्रुवारी, मार्नाचा वाढदिवस. आर्डिसनं दुपारी फोन लावला आणि तिचा सगळा जीव कानात आला. आता सांगेल, मग सांगेल. मार्नानं शाळेचं सांगितलं, कर्टिसच्या नव्या नोकरीचं सांगितलं. पाऊस तीन आठवडे थांबला नव्हता तेही सांगितलं. आर्डिसनं इकडून बर्फाचं सांगितलं. पलीकडे मार्नाचा श्वास ऐकू येत होता, जरा जड, आणि तो श्वास दोघांचा आहे हे आर्डिसला माहीत होतं.

"अजून काय?" आर्डिसनं विचारलं.

मग मार्ना म्हणाली, "काही नाही, आई. तू सांग."

आर्डिसच्या जिभेवर होतं सगळं. ती म्हणाली, इकडेही काही नाही. फोन ठेवल्यावर व्हर्लिननं किती अंश ते विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी ती वाचनालयात आज्यांच्याही आधी पोचली. तिच्याच नियमानं बघायला गेलं तर मार्नाचा शॉवर होऊन गेला होता आणि हे दुसरं बाळ होतं. डायपर द्या आणि गप्प बसा. हा नियम कोणत्या गाढवानं केला असेल, असं तिच्या मनात आलं आणि मग तिलाच आठवलं की कोणी केला. तिनं यादी उघडली. अकराच्या अकरा वस्तू तशाच होत्या. नॉर्बीतल्या पोरीची यादी असती तर एव्हाना निम्मी संपली असती. तिनं थर्मामीटरवर बोट ठेवलं.

मग पडद्यानं विचारलं, भेट कोणाकडून? तिनं नाव लिहिलं. पडद्यानं विचारलं, आभाराच्या चिठ्ठीसाठी तुमचा पत्ता? त्या रकान्यापाशी ती अडकली. निनावी पाठवावं, असंही मनात येऊन गेलं, पण आयुष्यभर निनावी भेटींवर तिनं नाक मुरडलं होतं, आणि लपून देण्यासारखं आता काही उरलंही नव्हतं. पत्त्याचा रकाना तिनं कोराच ठेवला. खाली निरोपासाठी जागा होती, दोन ओळींची. तिथं तिनं आधी अभिनंदन लिहिलं आणि खोडलं. मग व्हर्लिनची तब्येत लिहिली आणि तीही खोडली. दोन आज्या येऊन मागे खुर्च्यांवर बसल्या तरी ती लिहीत आणि खोडतच होती. शेवटी जे राहिलं ते असं होतं: "याची चिठ्ठी लिहू नकोस. तेव्हाही लिहायला सांगायला नको होतं मी. आई."

तिनं बटण दाबलं आणि मागे वळून त्या दोघींना विचारलं, हं, पहिली कोण?

पुढच्या सोमवारी तिनं नाव टाकलं. पडदा म्हणाला, या नावाची यादी सापडली नाही.

तिनं पुन्हा टाकलं. कर्टिसचं नाव टाकून बघितलं, गावाचं नाव टाकून बघितलं. यादी काढून टाकलेली होती. आर्डिस तिथं हात मांडीत ठेवून बसली. दार एवढंसं किलकिलं झालं होतं, आपण त्यात पाय घातला आणि पोरीनं ते लावून घेतलं, यापलीकडे तिला काही सुचेना. घरी जाऊन तिनं व्हर्लिनला सांगितलं की आता सोमवारी आपण वाचनालयात जाणार नाही, आज्यांचं लॅव्हॉन बघेल. त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात एक शॉवर होता. आर्डिस लवकर गेली, जिन्याखालचं पाकिटांचं टेबल तिनं स्वतः उचललं आणि पाय मिटून भिंतीला लावून ठेवलं. लॅव्हॉननं कॉफीच्या पिंपाजवळून ते पाहिलं. ती आली आणि टेबलाचं दुसरं टोक धरून ते कोठीच्या खोलीत न्यायला मदत केली.

मार्च गेला, बर्फ वितळायला लागलं. आर्डिसनं कॅलेंडरवर अकरा जूनवर काही खूण केली नव्हती, पण पान उलटताना तिचं बोट तिथं जायचं. आता सहावा असेल. आता सातवा. पोरीला छातीत जळजळत असेल, मागच्या वेळीही तिला होत होतं. कोणी तिला थंड दूध देत असेल का? कर्टिस चांगला आहे, पण पुरुषाला ते सुचायला हवं ना. एलिनच्या जागेवर ती आठवड्यातून एकदा जायची, पालापाचोळा काढायची. तिथंही तिनं एकदा बोलून बघितलं, तुला भावंड होतंय म्हणून. निदान कोणाला तरी सांगता आलं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी ती पेटीतून टपाल काढायला गेली. विजेचं बिल, बियाण्यांचं पुस्तक आणि एक पांढरं पाकीट. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं होतं, पण कोणाचं ते लागेना. सव्वीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला अक्षर लागू नये याचं तिलाच नवल वाटलं. मिल्डाचं नाही, लॅव्हॉनचं नाही. सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ होती, तिची नॉर्वेतून आलेली आजी शिकवायची तशी. नावाखाली आणखी एक रेघ मारलेली होती.

ते अक्षर तिचंच होतं.

तिकीटही तेव्हाचंच, झेंड्याचं, ज्यावर किंमत नसते आणि जे कितीही वर्षांनी चालतं. पाकिटाचे कोपरे मऊ पडले होते, चार वर्षं कुठंतरी जपून ठेवल्यासारखे. शिक्का ओरेगॉनचा. आर्डिस तिथंच, रस्त्याच्या कडेला, पेटीला टेकून उभी राहिली आणि तिनं ते फोडलं. आत बदकाचं चित्र असलेलं कार्ड होतं, त्या त्रेचाळीस कार्डांचं भावंड.

"आई, खुर्चीबद्दल आभार. तेव्हा तुझी सगळ्यात शेवटी लिहायला घेतली होती, पण तुला नुसतं आभार लिहून जमेना, आणि दुसरं जे लिहायचं होतं ते फार वाईट होतं. म्हणून पाकीट ठेवून दिलं. टाकून द्यायला हात धजला नाही. खुर्ची खिडकीपाशी आहे. फोनवर सांगायला जायचे आणि पावसाचंच सांगायचे, म्हणून यादी केली. ती तुझ्यासाठीच होती, तू सोमवारी बघशील हे मला माहीत होतं. तू बघितलीस, मग तिचं काम संपलं. अकरा जून. मुलगी आहे. मला फार भीती वाटते. थर्मामीटर पोचला, चांगला आहे, पण तू ये आणि कोपर घेऊन ये. मार्ना."

आर्डिस घरात आली ती व्हर्लिनच्या नावानं हाका मारतच. त्यानं चष्मा शोधला, कार्ड खिडकीकडे धरून वाचलं, आणि वाचून झाल्यावर पाकीटही वाचलं, पुढून आणि मागून. डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "याला उत्तर लिहायचं असतं का? तुमचा नियम काय सांगतो?"

"आभाराच्या चिठ्ठीला उत्तर नसतं," आर्डिस म्हणाली. पण तोवर तिनं फोन उचलला होता. ना ख्रिसमस, ना कोणाचा वाढदिवस, मंगळवारची दुपार होती. तिकडे मार्नानं पहिल्याच घंटेला घेतला. त्या दिवशी दोघी दीड तास बोलल्या, आणि ओरेगॉनात ऊन होतं की पाऊस, हे व्हर्लिनला शेवटपर्यंत कळलं नाही.